अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत मुलींचं रोइंग: कोण पात्र, कागद काय लागतात

माझी भाची अकरावीला आहे, उंची पाच फूट दहा, त्यामुळे घरात सध्या रोइंगचा, म्हणजे वल्हं मारत बोट पळवायच्या शर्यतीचा, विषय चालू आहे म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी सांगते, बोटीत कधी बसली नसाल तरी चालतं. तिकडे बऱ्याच टीम सेमिस्टर सुरू झालं की वॉक-ऑन ट्रायआउट (आधी निवड न झालेल्यांसाठीची चाचणी) घेतात आणि व्हॉलीबॉल, स्विमिंग खेळलेल्या उंच मुलींना शून्यापासून वल्हं धरायला शिकवतात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींनाही खेळात समान संधी द्यावी लागते, अमेरिकन फुटबॉलच्या एका टीममध्ये शंभरेक पोरं असतात, मग तो तोल साधायला मुलींची मोठी रोइंग टीम सोयीची पडते. एनसीएए (कॉलेजातल्या खेळांची तिथली संघटना) १९९७ पासून मुलींची चॅम्पियनशिप घेते, मुलांची घेतच नाही (भाचा रुसलाय).

पैशांचं म्हणाल तर स्कॉलरशिप डिव्हिजन वन आणि टूमध्ये (एनसीएएच्या वरच्या दोन पातळ्या), तीही बऱ्याचदा अर्धीमुर्धी. येल, ब्राउनसारखी आयव्ही लीगवाली (जुन्या, नामांकित युनिव्हर्सिटींच्या गटातली) कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, घरची परिस्थिती बघून मदत देतात.

ओळखीच्या कोचची वगैरे गरज नाही, स्वतः मेल करायचा. त्यात उंची, मार्क आणि एर्गवरचा, म्हणजे रोइंग मशीनवरचा, दोन हजार मीटरचा टाइम, सोबत मशीनच्या स्क्रीनचा फोटो. डिव्हिजन वनचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनआधी भरतीबद्दल उत्तर देऊ शकत नाहीत, त्यामुळे नववीत मेल टाकून गप्प का म्हणून रडू नका.

आता खरी डोकेदुखी. डिव्हिजन वन किंवा टूला खेळायचं तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर (खेळाडूंची पात्रता तपासणारा विभाग) अकाउंट काढायचं आणि नववीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, दहावी-बारावीची बोर्डाची सर्टिफिकेटं द्यायची, मराठीत काही असेल तर इंग्रजी भाषांतरासकट. नववीची मार्कशीट कुणी जपून ठेवत नाही, आत्ताच शाळेत जाऊन आणा! आणि आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं; पासपोर्टवर क्रम वेगळा, त्यामुळे अकाउंट पासपोर्टप्रमाणेच काढा. डिव्हिजन वनला सोळा कोअर, म्हणजे मुख्य, विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. एसएटी (तिकडची प्रवेशपरीक्षा) एनसीएएला २०२३ पासून लागत नाही, पण युनिव्हर्सिटी मागू शकते, तिच्या साइटवर बघा. खेळातून बक्षिसाचे पैसे मिळाले असतील तर तेही खरं सांगायचं.

ॲडमिशन झाली की आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद), सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा इंटरव्ह्यू. तिथे पोचल्यावरही मेडिकल झाल्याशिवाय सरावाला घेत नाहीत, त्यात सिकल सेलची टेस्ट असते, इन्शुरन्सचा पुरावा मागतात. सीझनमध्ये सराव आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास, आणि तो बहुतेक पहाटेच.

बऱ्याच ठिकाणी पोहण्याची टेस्टही असते. भाचीला पोहता येत नाही, मे महिन्यात क्लास लावलाय.