पीसीतलं पाणी म्हणजे उष्णतेचा हमाल

लिक्विड कूलिंग बसवलं की प्रोसेसर फ्रिजमधे ठेवल्यासारखा गार राहणार असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग मे महिन्यात नागपूरच्या 45 अंशात आकडे वर गेले की पंप बिघडला म्हणून दुकानात धावपळ. पण यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतोच हो, पाणी नुसती हमाली करतं, प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकमधून उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी, म्हणजे फॅन लावलेल्या पातळ पात्यांच्या जाळीपाशी, नेऊन हवेत टाकायची. खोली 40 अंशावर असेल तर पाणी त्याच्या खाली येणं शक्यच नाही.

हमाल मात्र तगडा आहे. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला साधारण 4.2 ज्यूल लागतात, हवेला जेमतेम 1, वर पाणी हवेच्या आठशे पटीहून जड, म्हणजे तेवढ्याच जागेत साडेतीन हजार पट उष्णता मावते! प्रोसेसर 200 वॉट खातोय आणि मिनिटाला 1 लिटर पाणी फिरतंय असं धरा, ब्लॉकमधून निघताना ते पूर्ण 3 अंशही तापलेलं नसतं. त्यामुळे पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की ग्राफिक्स कार्डकडे यावर डोकं खपवू नका, फक्त टाकी पंपाच्या आधी आणि वरच्या बाजूला हवी, कोरडा फिरला की पंप गेलाच.

पंप, नळ्या, रेडिएटर सगळं जोडूनच येणारा प्रोसेसरचा तयार सीलबंद कूलर घेतलात तरी एक गोष्ट बघाच. रबरी नळीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, त्या जागी हवा साठते आणि ती सगळ्यात उंच जागा धरून बसते. ती जागा पंपाची असली तर घरघर सुरू, म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा.

स्वतः जोडणी करणाऱ्यांनी तांब्याच्या ब्लॉकला अॅल्युमिनियमचा रेडिएटर कधीच लावू नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की, अॅल्युमिनियम झिजत जातं आणि तो गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांमधे अडकतो. आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटर घ्या, सोबत शेवाळ आणि गंज रोखणारं औषध, नाहीतर सरळ तयार कूलंट. दुधाळ रंगाची लिक्विड दिसतात झकास पण त्यातले कण खाली बसतात, मला ती अजिबात पटत नाहीत.

पहिल्यांदा भरल्यावर मदरबोर्डची वीज काढून फक्त पंप काही तास चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा, थेंब पडला की लगेच कळतं. डिस्टिल्ड पाण्यातून वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण धातूंमधून फिरून आलेल्या पाण्याचा भरवसा धरू नका. वर्षातून एकदा पाणी बदला, आणि धूळ तर दर दोन-तीन महिन्यांनी काढाच, रेडिएटरच्या पात्या बुजल्या की हमालाला ओझं उतरवायला जागाच उरत नाही. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, भन्नाट वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग जाते.