हिमालयन घेतलीत, आता ती तुमच्या मापाची करून घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्या साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त येते ती रॉयल एनफील्ड हिमालयन, कुणाची जुनी 411, कुणाची नवी 450. म्हणून हे पत्रक मुख्यतः त्या मालकांसाठी आहे. केटीएम 390 अॅडव्हेंचर, येझ्दी अॅडव्हेंचर किंवा एक्सपल्स वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. आकडे तेवढे आपापल्या गाडीचे घ्या.

गाडी सर्व्हिसला लावताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: "गाडीवर खूश आहात ना?" बहुतेक जण लगेच हो म्हणतात. मग हेल्मेट काउंटरवर ठेवता ठेवता "पण..." येतं. पाय नीट टेकत नाहीत. दोन तासांनी मनगटं भरून येतात. घाटात गाडी वळणाच्या बाहेर पळते. हळू चालवताना हिसके देते. आमचा अनुभव असा की यातलं बरंचसं एक टेप, एक पान्हा आणि अर्धा तास यांत सुटतं. म्हणून गाडी विकायला काढण्याआधी किंवा महागडं सामान बसवण्याआधी हे वाचा.

दोन इंजिनं, दोन स्वभाव

411 मार्च 2016 मध्ये आली. तिच्या सिलिंडरचा व्यास 78 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 86, म्हणजे स्ट्रोक व्यासापेक्षा जास्त असलेलं लाँग स्ट्रोक इंजिन. ताकद साधारण 24 बीएचपी, टॉर्क म्हणजे ओढ 32 न्यूटन मीटर, आणि तो चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळतो. कासच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये सोडून द्या, चाळीसच्या वेगाने ती तक्रार न करता चढत राहते. जे मालक तिच्यावर जीव टाकतात ते याच गुणासाठी. मात्र पुणे-बंगळूर महामार्गावर तिला तासन्तास शंभरच्या वर पळवायचं म्हटलं, तर ते तिचं काम नव्हे. ऐंशी-नव्वदला ती सुखात असते आणि चालवणाराही.

450 चं इंजिन नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात वागातोरला झालेल्या मोटोव्हर्स या रॉयल एनफील्डच्या मेळाव्यात बाजारात आलं. 452 सीसी, कूलंटवर थंड होणारं, चार व्हॉल्व्हचं, सहा गिअरचं. व्यास 84, स्ट्रोक 81.5, म्हणजे इथे स्ट्रोक व्यासापेक्षा कमी. 40 पीएस ताकद 8000 आरपीएमला आणि 40 न्यूटन मीटर टॉर्क 5500 ला. जुनी 411 देऊन ही घेतलेले कितीतरी जण पहिल्या महिन्यात सांगतात, "खाली ओढच नाही हो हिला." ओढ आहे, फक्त ती राहते वरच्या मजल्यावर. 411 ची सवय असलेला हात दोन हजारावर चौथा गिअर टाकतो आणि गाडी हिसके देते. तिला तीन हजारांच्या वर ठेवा, एक गिअर खाली चालवा. पाचशे किलोमीटरमध्ये हाताला नवी सवय लागते, आणि मग तीच माणसं खंबाटकी चढताना किती मजा आली ते सांगत येतात. सवय लागेपर्यंत धीर धरा. इंजिनच्या स्वभावाशी जुळवून घेण्यासाठी कुठलंही सामान लावावं लागत नाही.

आधी मागची स्प्रिंग, मग बाकी सगळं

पाटण भागातले एक शिक्षक आठ महिन्यांची 411 घेऊन आले. म्हणाले, गिऱ्हाईक बघा. ठोसेघरला जाताना वळणावर गाडी बाहेर ओढते, मागे बसलेल्या बायकोला भीती वाटते, आणि रात्री समोरचे ड्रायव्हर डिपर मारतात. आम्ही दोघांना बॅगांसकट गाडीवर बसवलं आणि टेप लावली. मागचा भाग 78 मिलिमीटर खाली बसत होता. या गाडीच्या मागच्या चाकाचा वर-खाली एकूण प्रवास 180 मिलिमीटर. म्हणजे खड्डा येण्याआधीच जवळपास निम्मा प्रवास खर्च झालेला! मागचा भाग बसला की पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणात गाडी बाहेर जाते. हेडलाइट वर उचलला जातो, म्हणून समोरचे डिपर मारतात. दोन्ही दुखणी एकाच कारणाची. प्रीलोडची चकती (स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी ते ठरवणारी) सी-पान्ह्याने घट्ट केली, बसकण, म्हणजे वजनाने मागचा भाग खाली बसतो ते अंतर, 55 वर आणली. त्यांनी गाडी विकली नाही.

हे माप घरीही घेता येतं. दोन माणसांनी गाडीचा मागचा भाग उचलायचा, चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं. मागच्या अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या पॅनलवर मार्करने खूण करा आणि अंतर लिहून ठेवा. मग तुम्ही नेहमीच्या जॅकेट-हेल्मेटसह, नेहमीच्या सामानासह बसा, पाय फुटरेस्टवर, आणि तिसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन मापांतला फरक ही तुमची बसकण. ती मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आत असावी. 411 ला 50 ते 60 मिलिमीटर, 450 चा प्रवास 200 आहे म्हणून तिला 55 ते 65. एकटे फिरता तेव्हा वेगळं, जोडीने आणि सामानासह वेगळं. प्रत्येक मोठ्या सहलीआधी बदलायचं आणि परत आल्यावर पुन्हा मूळ जागी आणायचं.

पाय टेकत नसतील तर

411 ची सीट 800 मिलिमीटर उंच, 450 ची 825, आणि तिच्यासाठी 805 ची बुटकी सीट मिळते. उंची कमी करायला काही जण मागच्या शॉकअपची जोडपट्टी (लिंक) बदलून गाडीच खाली बसवतात. आम्ही ते काम घेत नाही. 220-230 मिलिमीटरच्या ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी (गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर) तुम्ही ही गाडी घेतली तोच जातो, आणि साइड स्टँडवर गाडी सरळ उभी राहून कलंडायची धास्ती राहते. आधी सीट बदलून बघा. नसेल जमत, तर सीटचा फोम मांडीच्या बाजूंनी तासून घ्या. पाय सरळ खाली गेला की वीस मिलिमीटरचा फरक पडल्यासारखा वाटतो. आणि दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. एका पायाचा चवडा भक्कम टेकला तरी दोनशे किलोच्या आसपासची ही गाडी सांभाळता येते. आमच्या आवारात सुरुवातीचा अर्धा तास आम्ही हेच शिकवतो. संकोच करू नका, विचारा.

मनगटं भरून येत असतील तर क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन बघा. बसून हात हँडलवर ठेवल्यावर बोटं आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत हवा. शोरूममधून येताना लिव्हर कुणाच्या तरी सरासरी मापाला लावलेली असते, तुमच्या नाही. दोन बोल्ट सैल करा, फिरवा, परत आवळा. क्लच केबलला तेल आणि योग्य ढील मिळाली की ट्रॅफिकमधला निम्मा त्रास जातो.

टायर, ट्यूब, आऱ्या

पुढे 21 इंची, मागे 17 इंची चाकं. 411 ला ट्यूब आहे. 450 ला 2024 पासून ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय मिळतो. तुमची गाडी ट्यूबवाली असेल तर टायर काढायच्या दोन लिव्हर, पंक्चर किट आणि छोटा पंप जवळ ठेवाच. एकच ट्यूब नेणार असाल तर पुढची 21 ची न्या. अडचणीत ती मागच्या 17 च्या टायरमध्ये घालून हळूहळू गावापर्यंत पोचता येतं. मागची पुढे जात नाही. हवेचा दाब गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना बघा.

आऱ्या (स्पोक) तपासायला कान पुरतो. चाक उचलून फिरवा आणि प्रत्येक आरीवर छोट्या पान्ह्याने टिचकी मारा. आवळलेली आरी टण्ण वाजते, सैल असेल ती भद्द. एखाददुसरी सैल निघाली तर लगेच आणा. तशीच चालवलीत की शेजारच्या आऱ्यांवर ताण येतो आणि रिम वाकडी होते.

पावसाळा संपल्यावर

कास-बामणोलीची जांभ्याची लाल माती चेनमध्ये बसली की सॅंडपेपरसारखं काम करते. रॉकेल आणि मऊ ब्रशने चेन धुवा, पुसून कोरडी करा, मगच वंगण लावा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, चेनमधले रबरी ओ-रिंग खराब होतात. 450 वाल्यांनी रेडिएटरच्या जाळीतला चिखल साध्या पाइपच्या पाण्याने काढावा. जोरदार प्रेशर मारलं की पट्ट्या मुडपतात. ओढ्यातून खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी ऑइलच्या काचेत बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी सुरू करू नका, आम्हाला फोन करा.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध आल्यावर खटकन अडकल्यासारखं वाटलं तर हँडलच्या बेअरिंगला खाच पडली आहे. सरळ रस्त्यावर गाडी डोलते ती कित्येकदा यामुळेच, आणि दोष मात्र टायरला लावला जातो.

जादा सामानाबद्दल

थोडक्यात सांगतो. इंजिन गार्ड आणि इंजिनाला खालून वाचवणारी बॅश प्लेट घ्या. लोखंडी पॅनियर (मागच्या बाजूंना लावायच्या पेट्या) घेण्याआधी कापडी वापरून बघा; जड सामान जितकं मागे आणि उंच, तितकी गाडी बेभरवशाची. जादा दिवे एका वेळी एकच जोडी, रिले आणि फ्यूज लावूनच. लडाखला निघालात तर टाकीची चिंता करू नका: मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावरची "पुढचा पंप 365 किलोमीटर" ही पाटी प्रसिद्ध आहे, आणि 411 ची 15 लिटर व 450 ची 17 लिटरची टाकी शांत हाताला तेवढं अंतर काढते. पाच लिटरचा कॅन सोबत असू द्या.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या दुचाकींवर 40 टक्के जीएसटी आहे. 411 आता नवी मिळत नाही. हातातली चांगली 411 नीट राखणं आज आणखी शहाणपणाचं आहे, आणि तिचं काम करायला आम्हाला मनापासून आवडतं.

बसकणीचं माप, लिव्हरचा कोन आणि आऱ्यांची तपासणी आम्ही सर्व्हिससोबत वेगळे पैसे न घेता करतो. येताना नेहमीचे बूट, जॅकेट आणि बॅगा घेऊन या. जोडीने फिरत असाल तर मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही आणा. शनिवारी सकाळी दहाच्या आधी आलात तर निवांत वेळ देता येतो.