प्लॅन, सेक्शन आणि कोनांचा वाद

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये किल्ल्यांच्या आखणीतून वर्णनात्मक भूमिती, म्हणजे घन वस्तू सपाट कागदावर दृश्यांत मांडायची रीत, पुढे आली, हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. आपल्या साइटवर आज चालणारे संकेत मात्र बरेच अलीकडचे आहेत. ते घडले मेट्रिक मापं, १९५० नंतरची मानकं आणि अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेत काढलेली प्रत) यांच्यातून.

मेट्रिकचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं. त्याआधी घराचं ड्रॉइंग एक इंचाला आठ फूट, म्हणजे १:९६ ला निघायचं. ते १:१०० झालं. फरक किरकोळ वाटतो, पण जुन्या प्रिंटवर नवी पट्टी लावली की २४ फुटांची भिंत २५ फूट भरते. लिहिलेलं माप धरायचं, पट्टी लावून काढलेलं नाही, हा नियम जुनाच. त्याची खरी गरज त्या काळात कळली.

मग आला फर्स्ट अँगल की थर्ड अँगल हा वाद, म्हणजे कागदावर कुठलं दृश्य कुठे मांडायचं याचा. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं, थर्ड अँगलमध्ये त्याच्या वर. १९५५ च्या ड्रॉइंगच्या राष्ट्रीय संहितेनं थर्ड अँगल सुचवला, १९६० च्या सुधारणेत तोच राहिला. सत्तरच्या दशकात निवड वापरणाऱ्यावर सोडली गेली आणि १९८८ च्या शाळा-कॉलेजांसाठीच्या पुस्तिकेत फर्स्ट अँगल आला. एकाच घरात बाप एक पद्धत शिकला आणि मुलगी दुसरी. यंत्रांच्या कारखान्यात हा गोंधळ महाग पडतो, कारण बाजूचं दृश्य उलटं वाचलं तर भोक भलत्या अंगाला पडतं. बांधकामात या वादाला इतका मान का मिळाला, हे मला कधी पटलं नाही. इथे प्रत्येक दृश्याखाली नाव लिहिलेलं असतं आणि चारही एलिव्हेशन (चार बाजूंनी दिसणारी उभी दृश्यं) कागदावर जागा मिळेल तिथे बसतात. प्लॅन खाली आणि एलिव्हेशन वर ही मांडणी फर्स्ट अँगलसारखी दिसते, पण तिचं कारण साधं आहे. ड्राफ्ट्समन आधी प्लॅन काढायचा, मग टी-स्क्वेअरवर सेट-स्क्वेअर उभा धरून खिडक्या-दारांच्या रेषा वर चढवायचा.

खरा घोळ 'प्लॅन' या शब्दातच आहे. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये प्लॅन म्हणजे वरून दिसणारं दृश्य. घर वरून पाहिलं तर दिसेल ती गच्ची! घराचा प्लॅन हा खरं तर आडवा सेक्शन, म्हणजे कापून दाखवलेलं दृश्य, असतो. खिडकीच्या सिलच्या थोडं वर घर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून ठेवायचा आणि खाली पाहायचं. म्हणून कापलेली भिंत जाड रेषेत येते, ओटा बारीक रेषेत, आणि डोक्यावरचा माळा तुटक रेषेत. मराठीत तर आणखी गंमत. 'नकाशा पास झाला' यातला नकाशा म्हणजे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, क्षेत्रफळाचा तक्ता, सगळंच. तलविन्यास, छेद हे शब्द पुस्तकात राहिले. मुकादम 'सेक्शन दाखवा' म्हणतो आणि जोत्याची उंची बघतो.

उभ्या सेक्शनचं वळण नकाशाच्या मंजुरीनं लावलं. एक छेद जिन्यातून हवाच, शिवाय संडास-बाथरूमही दिसलं तर बरं. म्हणून छेदरेषा वाटेत काटकोनात वळून दोन्ही गाठते. भूमितीच्या दृष्टीनं ही तडजोड आहे, पण तपासणाऱ्याला सोयीची.

रंगांचा इतिहास प्रिंटच्या यंत्राशी बांधलेला आहे. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर रोट्रिंगच्या शाईपेननं काळं काम, चूक झाली की ब्लेडनं खरवडायचं. अमोनियाच्या वासात निळ्या रेषांच्या प्रती निघायच्या आणि एकेक प्रत हातानं रंगवावी लागे. नवं काम लाल भरून, पाडायचं काम पिवळ्या तिरक्या रेषांत, सांडपाणी लाल तुटक. आता तपासणी सॉफ्टवेअर करतं. त्याला भिंतीचा रंग नको, लेयरचं (रेषा ज्या थरात काढली त्याचं) नाव बरोबर हवं आणि पॉलिलाइन, म्हणजे खोलीभोवतीची सलग रेषा, बंद हवी. रेषेचं एक टोक मिलिमीटरभर उघडं राहिलं तर आख्खी खोली मोजणीतून गळते.

तरीही कित्येक बांधकाम नियमावल्यांतल्या रंगांच्या तक्त्यात पांढरा प्लॅन, ब्लू प्रिंट आणि अमोनिया प्रिंट असे तीन रकाने वर्षानुवर्षं छापले गेले. मधल्या रकान्यातली निळ्या कागदावरची पांढरी रेषा आज अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलीच नाही.