दृष्टिबाधित ज्युदो : जे-१ की जे-२? पात्रता, कागदपत्रे आणि तपासणी

दृष्टिबाधित ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे असेल, तर आधी वर्गीकरण, म्हणजे किती दिसते ते तपासून वर्ग ठरवणे, करून घ्यावे लागते. २०२१पर्यंत बी-१ (सर्वांत कमी दृष्टी), बी-२, बी-३ (त्यातल्या त्यात बरी दृष्टी) हे गट कागदावर वेगळे होते, मॅटवर मात्र एकाच वजनगटात सगळे एकमेकांशी लढत. ज्याला काहीच दिसत नाही त्याची गाठ बऱ्यापैकी दिसणाऱ्याशी पडे. लढत पकड घेऊनच सुरू होते हे खरे. पण पकड सुटली की दिसणाऱ्याचे पारडे जड होते. हा अन्याय होता आणि तो दूर व्हायला फार वर्षे लागली. १ जानेवारी २०२२पासून जे-१ (काहीच किंवा जवळजवळ काहीच न दिसणारे) आणि जे-२ (अंशतः दिसणारे) असे दोन स्वतंत्र वर्ग आले. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दोन्ही वर्गांना पहिल्यांदा वेगळी पदके मिळाली.

पात्र कोण?

दृष्टीची तीक्ष्णता लॉगमार या मापात मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी दृष्टी कमी. लॉगमार १.३ ते २.५ असेल तर जे-२, त्यापलीकडे जे-१. १.३ म्हणजे साधारण ६/१२०. इतरांना १२० मीटरवरून दिसणारे अक्षर पाहायला तुम्हाला ६ मीटरवर यावे लागते. तीक्ष्णता बरी असली, पण दृष्टिक्षेत्र (नजर न हलवता दिसणारा परिसर) ६० अंश किंवा त्याहून कमी उरले असेल, तरी जे-२मध्ये प्रवेश मिळतो. हे ६० अंश व्यासाचे आहेत, त्रिज्येचे नव्हेत. अहवाल वाचताना इथे गल्लत होऊ शकते.

मोजणी चष्मा किंवा लेन्स लावून, म्हणजे जास्तीत जास्त जितके दिसू शकते तितके धरून होते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर पात्रता नाही. जुन्या बी-३ची मर्यादा लॉगमार १.० होती. त्यामुळे पूर्वी खेळलेले काहीजण नव्या निकषात बसत नाहीत. हे कटू असले तरी रास्त आहे. दृष्टिदोषाचा खेळावर खरोखर परिणाम होत नसेल, तर वेगळ्या स्पर्धेला अर्थ उरत नाही.

कागदपत्रे

खेळाडूला थेट अर्ज करता येत नाही. राष्ट्रीय संघटनेमार्फत जावे लागते. पासपोर्ट आणि सही केलेले संमतिपत्र लागते. पण सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय निदान अर्ज. तो नेत्रतज्ज्ञाने इंग्रजीत भरायचा असतो आणि सोबतचे अहवाल १२ महिन्यांच्या आतले हवेत.

अर्जात फक्त ‘दृष्टी कमी’ एवढे लिहून भागत नाही. कमी का, हे सिद्ध व्हावे लागते. दृष्टिक्षेत्राच्या आधारे पात्रता मागत असाल तर त्या चाचणीचा आलेख जोडा. दृष्टिपटलाचा आजार असेल तर ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र) आणि ईआरजी (दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाची चाचणी), दृष्टिमज्जातंतूचा असेल तर व्हीईपी (डोळ्याचा संकेत मेंदूपर्यंत कसा पोहोचतो याची चाचणी). बाहेरून डोळा निरोगी दिसतो आणि अहवालही नाहीत, अशा वेळी खराखुरा दृष्टिबाधित खेळाडूही अडकू शकतो. म्हणून डॉक्टरांना भेटाल तेव्हाच ‘निदान आणि मोजमाप एकमेकांशी जुळते का?’ असे स्पष्ट विचारा.

तपासणी

किमान दोन वर्गीकरण-तज्ज्ञांचे मंडळ डोळे तपासते. वापरात असलेला चष्मा, लेन्स आणि औषधांची यादी घेऊन जा. सोबत एक व्यक्ती आणि गरज असल्यास दुभाषी नेता येतो. जितके दिसते तितके प्रामाणिकपणे सांगा. मुद्दाम कमी दिसते असे भासवले तर बंदी येते, आणि त्यातून नुकसान होते ते खऱ्या अंध प्रतिस्पर्ध्याचे.

निकालात वर्गासोबत स्थितीही येते. ‘निश्चित’ म्हणजे पुन्हा तपासणी नको. ‘पुनरावलोकन’ म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा, बहुधा आजार बदलता असल्यामुळे. काही वेळा त्यासाठी ठराविक तारीख दिली जाते. ती चुकवू नका. मंडळाने किमान निकषाखाली अपात्र ठरवले, तर दुसरे मंडळ तपासते. वर्ग चुकीचा वाटला तर हरकत राष्ट्रीय संघटनेनेच, मुदतीत आणि शुल्क भरून नोंदवायची असते. त्यामुळे निकाल हाती येताच संघव्यवस्थापकाला गाठा.