स्लाइस (गोल्फ)

स्लाइस : उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूचा चेंडू हवेत उजवीकडे वळत जाऊन लक्ष्यापासून दूर पडतो, त्या फटक्याला स्लाइस म्हणतात. डावखुऱ्याचा चेंडू डावीकडे वळतो. या नोंदीतल्या सगळ्या दिशा उजव्या हाताच्या खेळाडूच्या आहेत. उलट बाजूच्या वळणाला हुक म्हणतात. ठरवून घेतलेले सौम्य उजवे वळण म्हणजे फेड आणि सौम्य डावे वळण म्हणजे ड्रॉ. स्लाइस सर्वांत जास्त दिसतो तो टीवरून (प्रत्येक होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबने, म्हणजे चेंडू मारायच्या काठीने, मारलेल्या पहिल्या फटक्यात. चेंडू उंच चढतो, मध्येच अवसान गळाल्यासारखा उजवीकडे कलतो आणि जमिनीवर टेकल्यावर फारसा पळत नाही. नवशिक्यांचा हा हमखास दोष, पण कित्येकांचा तो वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. याचे मुख्य कारण असे की, स्लाइस टाळण्यासाठी माणूस आपसूक जे करतो त्यानेच तो वाढतो.

चेंडू वळतो कसा : फिरणारा चेंडू हवेत वळतो हे न्यूटनने 1672 च्या एका पत्रात टेनिसच्या चेंडूवरून नोंदवले होते. हाइनरिख माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने 1852 मध्ये या परिणामाचा अभ्यास केला आणि त्याचेच नाव त्याला मिळाले. गोल्फच्या चेंडूला हे शास्त्र लावले ते एडिंबरा विद्यापीठातल्या पीटर गथ्री टेट यांनी. मागच्या फिरकीमुळे (चेंडूचा वरचा भाग मागे फिरत असल्याने) चेंडू हवेत जास्त वेळ तरंगतो, असे त्यांनी 1890 च्या दशकात दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट 1896 आणि 1898 मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाचा मानकरी ठरला, तेव्हा प्रयोगाला घरचाच माणूस होता म्हणायचे.

चेंडूला मागची फिरकी आणि बाजूची फिरकी अशा दोन वेगळ्या फिरक्या मिळतात, असे बोलले जाते. प्रत्यक्षात चेंडू एकाच अक्षाभोवती फिरतो. अक्ष आडवा असेल तर चेंडू सरळ जातो आणि उजवीकडे कलला असेल तर चेंडूही उजवीकडे ओढला जातो. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेत सरकतो, तोही याच परिणामामुळे. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र शिवणीच्या करामतीचा असतो, त्याचा येथे संबंध नाही.

हा अक्ष किती कलणार हे दोन गोष्टींवर ठरते : आघाताच्या क्षणी क्लबफेसचे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या क्लबच्या पृष्ठभागाचे, तोंड कुठे आहे आणि क्लब कोणत्या दिशेने चालला आहे. हा आघात अवघा अर्धा मिलिसेकंद टिकतो. चेंडू क्लबच्या मार्गाने सुटतो आणि नंतर फेसच्या दिशेने वळतो, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. रडारवर चालणारी मोजणी-यंत्रे आल्यावर हे चित्र पालटले. ड्रायव्हरचा चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेनेच सुटतो आणि मार्गाच्या उलट बाजूला वळतो. समजा, क्लबचा मार्ग लक्ष्याच्या 6 अंश डावीकडे आहे आणि फेस 2 अंश डावीकडे. खेळाडूला वाटते की आपण फेस चांगला बंद केला होता. पण मार्गाच्या हिशेबाने तो 4 अंश उघडाच आहे, म्हणून चेंडू थोडा डावीकडे सुटून उजवीकडे वळणार. फेस लक्ष्याच्याही उजवीकडे असेल तर चेंडू उजवीकडेच सुटतो आणि आणखी उजवीकडे जातो. झाडीत जातो तो बहुधा हा.

अंतर कमी पडते तेही यामुळेच. फेस उघडला की त्याचा तिरपेपणा (फेस आकाशाकडे किती कललेला आहे तो कोन) वाढतो, म्हणून चेंडू गरजेपेक्षा उंच जातो; आणि फटका भरीव न बसता घासून जातो, म्हणून ताकद पुढे जाण्याऐवजी फिरकीत खर्च होते.

‘माझे नऊ नंबरचे आयर्न सरळ जाते, मग ड्रायव्हरच का वळतो?’ हा प्रश्न ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, रोज कोणीतरी विचारतोच. आयर्न म्हणजे कमी अंतराच्या फटक्यांचा धातूचा क्लब. दोन्हींची स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) तीच असते, दोषही तोच. नऊ नंबरच्या आयर्नचा फेस 40 अंशांच्या आसपास तिरपा असल्याने मागची फिरकी इतकी जबर मिळते की अक्ष फारसा कलत नाही. ड्रायव्हरचा तिरपेपणा जेमतेम 9 ते 12 अंश आणि दांडा सुमारे 45 इंच, त्यामुळे तो काहीच झाकत नाही. आयर्नचा फटका थोडा डावीकडे ‘पुल’ होत असेल आणि ड्रायव्हर उजवीकडे वळत असेल, तर रोग एकच आहे असे खुशाल समजावे. आयर्नने उडालेल्या मातीचा चर, म्हणजे डिव्हट, डावीकडे तोंड करून पडलेला दिसला की खात्रीच पटते.

कारणे : उघड्या फेसचे मूळ बहुधा ग्रिपमध्ये, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीत, असते. डावा हात दांड्यावर फार डावीकडे वळलेला असला की खाली पाहिल्यावर त्या हाताचे एकच नकल (बोटाच्या मुळाशी वर आलेले सांध्याचे हाड) दिसते. हिला वीक ग्रिप म्हणतात. पकड किती घट्ट आहे याच्याशी या नावाचा संबंध नाही, पण नाव ऐकून मूठ आवळणारे बरेच असतात, आणि आवळलेल्या मनगटांनी फेस आणखीच उघडा राहतो. बेन होगन या नामवंत अमेरिकन गोल्फपटूने मुद्दाम ग्रिप अशी वीक केली होती, कारण त्याला हुकने छळले होते. पुढे त्याने इतरांना शिकवलेली ग्रिपही त्याच वळणाची होती. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे जातो त्याने ती उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणे.

दुसरे कारण मार्गाचे. खाली येताना खांदे आधी फिरतात, उजवा खांदा चेंडूच्या दिशेने बाहेर पडतो आणि क्लब चेंडू आणि लक्ष्य यांच्यातल्या रेषेच्या बाहेरून येऊन अंगाकडे ओढला जातो. जोरात मारण्याची घाई हे याचे नेहमीचे निमित्त. क्रिकेट खेळून आलेल्यांची अडचण जरा वेगळी असते. बॅटचे तोंड चेंडूच्या रेषेत सरळ धरून ठेवण्याची सवय अंगात इतकी मुरलेली असते की गोल्फमध्ये दोन्ही हातांचे कोपरापासून पुढचे भाग वळू द्यावे लागतात, हे त्यांच्या पचनी पडत नाही.

यानंतरचे दुष्टचक्र खेळाडू स्वतःच चालू ठेवतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो डावीकडे तोंड करून उभा राहतो. खांदे डावीकडे उघडतात, मार्ग आणखी डावीकडे जातो आणि वळण वाढते. पुढच्या टीवर तो आणखी डावीकडे उभा राहतो.

दुरुस्ती : आधी फेस, मग मार्ग, हा क्रम महत्त्वाचा आहे. मार्ग आधी सुधारला आणि फेस उघडाच राहिला, तर चेंडू सुरुवातीपासूनच उजवीकडे सुटतो. खेळाडू घाबरून जुन्या स्विंगवर परततो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून डावा हात उजवीकडे वळवून दोन-तीन नकल दिसतील अशी ग्रिप घ्यावी. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. नवी ग्रिप आठवडाभर तरी चुकीची वाटते. पहिले काही चेंडू डावीकडे, पण वळण न घेता जातात. ते पाहून शिक्षक खूश होतो आणि शिष्य नाराज. पण चेंडू डावीकडे जाऊ लागला की शरीर स्वतःहून क्लब उजवीकडे फेकायला पाहते, आणि मार्ग सुधारायची खरी संधी तीच.

मार्गासाठी चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे, ड्रायव्हरचे रिकामे कव्हर ठेवतात. क्लब बाहेरून आला की कव्हर उडते, वेगळे सांगावे लागत नाही. उजवा पाय वीतभर मागे घेऊन अर्ध्या स्विंगने सात नंबरचे आयर्न मारणे हाही जुना उपाय आहे. ड्रायव्हर मारताना चेंडू डाव्या टाचेच्या समोर असावा. त्याहून पुढे गेला तर क्लब तिथे पोहोचेपर्यंत डावीकडे वळलेला असतो. चेंडू फेसवर कुठे लागतो हे पाहायला फेसवर पावडरचा फवारा मारतात. क्लबच्या टाचेकडचा, म्हणजे दांड्याजवळचा, ठसा उमटला तर निम्मे उत्तर तिथेच सापडते, कारण टाचेकडे लागलेला फटका उजवे वळण वाढवतो आणि टोकाकडे लागलेला ते कमी करतो.

साधनांचे उपाय मर्यादित आहेत. टाचेकडे वजन सरकवलेले ड्रायव्हर वळण कमी करतात, दोष काढत नाहीत. 1970 च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू आला होता. त्याच्यावरचे खळगे असे मांडलेले होते की तो वळायलाच राजी नसे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1981 मध्ये चेंडू सममित असलाच पाहिजे असा नियम केला आणि स्पर्धांतून तो बाद झाला.

स्लाइस कुठे महागात पडतो याचे उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज : तिथल्या ओल्ड कोर्सवर शेवटच्या तीन होलांवर हद्दीबाहेरची जागा उजवीकडेच आहे. सतराव्या होलावर तर हॉटेलच्या आवारावरून फटका मारावा लागतो. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूला एका फटक्याचा दंड बसतो आणि पुन्हा मूळ जागेवरूनच मारावे लागते. मात्र हेच वळण आवाक्यात ठेवले तर ते हत्यार होते. जॅक निकलॉस या विख्यात अमेरिकन गोल्फपटूला फेडच पसंत होता.

हवा विरळ असली की चेंडू कमी वळतो. गुलमर्गचा कोर्स सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश. सुट्टीत तिथे चार दिवस खेळून आपला स्लाइस बरा झाला असे वाटणाऱ्याला चेंबूरच्या पहिल्या टीवर तो पुन्हा भेटतो.