घर कुठून तापतं, वीज कुठे जाते

मार्च संपत आला की घराघरांत एकच प्रश्न निघतो: किती टनाचा एसी घ्यावा? खोलीचं क्षेत्रफळ सांगितलं की दुकानदार लगेच आकडा सांगतो, एक टन किंवा दीड टन. खोली शेवटच्या मजल्यावर आहे का, तिची मोठी भिंत पश्चिमेला आहे का, खिडकीवर सावली पडते का, हे फारसं कुणी विचारत नाही. एसी, नवे पंखे, गच्चीवरचा पांढरा लेप, सोलर पॅनेल यांपैकी कशावरही पैसे घालण्याआधी घराची तपासणी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तिचा बराचसा भाग घरच्या घरी होतो.

या तपासणीचं महत्त्व पहिल्यांदा नीट कळलं ते थंड हवेच्या देशात. १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत घरांच्या ऊर्जावापराचा अभ्यास केला. एकाच आराखड्याची, एकाला एक लागून असलेली घरं. तरी एका घराचा वापर दुसऱ्याच्या दुप्पट निघे. घरात नवं कुटुंब राहायला आलं की त्याच भिंतींतला वापर बदले. म्हणजे निम्मी गोष्ट इमारतीची आणि निम्मी राहणाऱ्यांची. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. छताखालच्या माळ्यातून जेवढी उष्णता जायला हवी होती, त्याहून कितीतरी जास्त जात होती. कारण घरातली गरम हवा घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराड्याभोवतालच्या पोकळीतून आणि सामायिक भिंतींच्या फटींतून थेट वर निसटत होती. माळ्यावर उष्णतारोधक थर आणखी जाड केला असता तरी ही गळती थांबली नसती. आधी ती वाट सापडायला हवी होती.

आपल्याकडे उष्णता बाहेर जात नाही, आत येते. विचारायचे प्रश्न मात्र तेच: येते कुठून, आणि वीज जाते कुठे?

सुरुवात वीजबिलापासून करा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. बारा महिन्यांचे आकडे एका कागदावर उतरवा आणि सगळ्यांत कमी वापराचा महिना शोधा. बऱ्याच घरांत तो फेब्रुवारी किंवा नोव्हेंबर असतो, कारण तेव्हा एसी नसतो आणि गिझरही फार चालत नाही. समजा फेब्रुवारीत १४० युनिट आले आणि मे महिन्यात ३२०. मेमधले वरचे १८० युनिट उन्हाळ्याचे. पण १४० चा पाया वर्षभर चालतो, म्हणजे १,६८० युनिट. उन्हाळ्याचे तीन-चार महिने मिळून वरचे युनिट पाचशेच्या आसपास भरतील. एसीला दोष देणाऱ्या अशा घरात खरी खादाड गोष्ट तो पाया असतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे. मे महिन्यात वाचवलेला युनिट त्या बिलातल्या सगळ्यांत महाग टप्प्यातून कमी होतो. त्यामुळे युनिट किती वाचले आणि रुपये किती वाचले, हे दोन हिशेब वेगळे मांडावेत.

पाया मोजायला मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पुरतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं. समजा तो आकडा ३२०० आहे. मग दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागलं की त्या क्षणाचा वापर वॉटमध्ये मिळतो. नऊ सेकंदांनी दिवा लागत असेल, तर १२५ वॉट. पाटीवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने आणि सेकंदांनी भागा. इमारतीत मीटर खाली जिन्याजवळ असतात, म्हणून हे काम दोघांचं. एक जण खाली फोनवरचं घड्याळ लावून दहा लुकलुकी मोजतो, दुसरा वर एकेक उपकरण बंद करतो. फ्रिजचा काँप्रेसर मध्येच सुरू होऊन आकडा बिघडवतो, तेव्हा तेवढी दहा मिनिटं फ्रिजही बंद ठेवा.

दिवे, पंखे, फ्रिज सगळं बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहतो, तेव्हा मोजणाऱ्याला पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बऱ्याचदा वीज घेतच राहतो. राउटर, पाण्याचा प्युरिफायर, भरलेल्या बॅटरीला जपत बसलेला इन्व्हर्टर, हे सगळे त्यात असतात. असे नुसते ३० वॉट चोवीस तास चालले तर वर्षाला २६० युनिट होतात.

पंख्यांचा हिशेबही इथेच उरकतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. दिवसाला सोळा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. पण पाहुण्यांच्या खोलीतला, आठवड्यात तासभर फिरणारा पंखा बदलण्यात अर्थ नाही. आधी तास मोजायचे.

आता उष्णता. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री पंखा गरम हवा फेकतोय असं वाटतं, आणि ते खरंच असतं. दुपारी गच्चीवर पडलेलं ऊन बारा-पंधरा सेंटिमीटरच्या काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास घेतं. बाहेर गार वारा सुटतो तेव्हा स्लॅबचा खालचा पृष्ठभाग तापलेला असतो. तो खोलीतल्या माणसांवर उष्णता टाकत राहतो आणि पंखा छतालगतची गरम हवा खाली ढकलतो.

महाराष्ट्रात तर गच्चीचं दुखणं ऐन उन्हाळ्यात वाढतं. आपलं सगळं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यात आणि नागपुरात मेच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडत नाही. सगळा मारा गच्चीवर आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला मे महिन्यासाठी महागडी काच बसवण्याची गरज नाही. पश्चिमेच्या खिडकीला मात्र छज्जा पुरत नाही, कारण संध्याकाळचं ऊन तिरपं येऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे बाहेरून बांबूची चिक किंवा जाळी हवी. आतला पडदा कितीही जाड असला तरी तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं.

अंदाजावर न राहता हे मोजावं. हातात धरायचा इन्फ्रारेड तापमापक आता सहज मिळतो. दुपारी चार, रात्री आठ आणि अकरा अशा वेळी छत, पश्चिमेची भिंत आणि दोन खोल्यांमधली आतली भिंत यांचं तापमान लिहून काढा. रात्री अकराला छत आतल्या भिंतीपेक्षा पाच-सहा अंशांनी गरम असेल, तर तुमचा पहिला खर्च गच्चीवर व्हायला हवा. स्टीलवर किंवा चकचकीत पत्र्यावर हा तापमापक चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा तिथे आधी रंगाची किंवा कागदाची चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

देशातल्या नव्या निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या इको निवास संहितेत छतातून उष्णता पार होण्याची मर्यादा दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला १.२ वॉट ठेवली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून तीनपेक्षा जास्त वॉट पार होतात. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप लावून बराच फरक पडतो, पण आधी भेगा आणि गळती पाहा. ओल धरलेला स्लॅब उष्णता अधिक जोराने खाली सोडतो, आणि फुगलेल्या थरावरचा लेप पहिल्या पावसाळ्यात सुटतो. गच्ची सोसायटीची असेल तर परवानगी हवीच. धुळीने काळवंडलेला लेप दरवर्षी धुवायला कोण वर जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.

एसी लावायच्या खोलीपुरतीच फटींची तपासणी करा. कूलरवर भागणाऱ्या विदर्भातल्या घराला तर खिडकी उघडीच लागते. दारं-खिडक्या लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू करा, एसीच्या खोलीचं आतलं दार तेवढं उघडं ठेवा, आणि सरकत्या खिडकीच्या खाचेशी, एसीच्या पाइपच्या भोकाशी उदबत्ती धरा. धूर जिथे आत ढकलला जातो, तिथे बाहेरची हवा येते.

मात्र बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली एकही फट किंवा झरोका बुजवू नका. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. आंघोळीला गेलेल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. दरवर्षी माणसं अशी जातात, आणि हे सगळं टाळता येण्यासारखं आहे. म्हणून वीज वाचवण्याच्या यादीत हवा खेळती ठेवण्याची नोंद सर्वांत वर असावी, आणि शक्य तर गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर न्यावा.

एवढं हातात आल्यावर क्रम आपोआप लागतो. आधी छत, सावली आणि चोवीस तासांची विजेची गळती, मग पंखे, एसी त्यानंतर, आणि बहुधा लहान. सोलर सर्वांत शेवटी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून सरसकट तीन किलोवॉट बसवले जातात. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो. वापर आधीच महिन्याला शंभरने उतरला असेल, तर जवळजवळ एक किलोवॉट कमी लागेल.

कामं झाल्यावर पुन्हा मोजा, पण मेची तुलना मेशीच करा, आणि त्या दोन उन्हाळ्यांत पारा किती चढला होता तेही शेजारी लिहा. बिलातल्या वाचनाच्या तारखा मागेपुढे झाल्या असतील तर युनिटना दिवसांनी भागून घ्या. तेवढ्याने आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.