जुनापाणीची शिळावर्तुळं: विदर्भाच्या बरडावरचं लोहयुग

नागपूरहून काटोलच्या वाटेला लागलं की शहराच्या वेशीपलीकडेच जुनापाणी येतं. तिथल्या मुरमाड उतारावर काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळं विखुरलेली आहेत. आजूबाजूचे लोक ती जुन्या काळच्या गवळ्यांची ठाणी मानत. प्रत्यक्षात ही दफनं आहेत, साधारण इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली. आधी मृताला भांडी आणि हत्यारांसह ठेवायचं, वर काळी माती, मुरूम आणि गोट्यांची भर घालायची आणि भोवती मोठाल्या शिळांचं कडं करायचं, अशी त्यांची रचना.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये इथली काही वर्तुळं उकरली. कडेच्या शिळांवर ओळीने कोरलेले वाटीएवढे खळगे त्याच्या नजरेत भरले. तसेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवर असल्याने त्याने थेट तिकडचा धागा जोडला. तो धागा टिकला नाही, पण नोंद मोलाची ठरली.

पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. मात्र चित्र खरं पालटलं ते पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड अशी नागपूर जिल्ह्यातली एकेक जागा त्यांनी खणली. माहूरझरीच्या दफनात घोड्याचे अवशेष मिळाले, सोबत त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज. पक्ष्याची आकृती बसवलेली तांब्याची झाकणंही मिळाली. एवढा थाट थडग्यात, मग ही माणसं राहत कुठे होती? निव्वळ भटके पशुपालक म्हणून त्यांची बोळवण करणं सोपं होतं. पेंच नदीकाठच्या नायकुंडने ती सोय ठेवली नाही. तिथे वस्ती सापडली, धान्याचे दाणे सापडले आणि वक्र विटांची लोखंड गाळायची भट्टीही सापडली. माझ्या मते विदर्भाच्या पुरातत्त्वातला हा सर्वांत मोठा शोध आहे.

वर्तुळं बरडावर टिकली, कारण तिथे नांगर चालत नव्हता. आता त्याच मुरुमाला रस्ते आणि बांधकामासाठी मागणी आहे. जुनापाणी संरक्षित स्मारक आहे, पण जिल्ह्यातल्या कितीतरी वर्तुळांना असं कवच नाही. खळग्यांच्या ओळींचा संबंध आकाशातल्या दिशांशी असावा, असंही काही संशोधक मांडतात. ते पडताळायचं तर शिळा मूळ जागीच हव्यात. जेसीबीने एकदा बाजूला सारलेली शिळा त्या कामाची राहत नाही.